घोण चावली की घोणस?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत रात्री-अपरात्री ‘घोण चावली’ म्हणत माणसे येऊ लागतात. त्याच दिवसांत ‘घोणस चावली’ म्हणूनही येतात. दोन शब्दांत एका ‘स’चा फरक आहे. घोण म्हणजे मोठी गोम. ती चावली तर माणूस रात्रभर तळमळतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत कामाला लागतो. घोणस म्हणजे साप. तिच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि प्रतिविष वेळेत मिळाले नाही तर जीव जातो. कळवळणाऱ्या माणसाच्या तोंडून किंवा रेंज तुटणाऱ्या फोनवर तो ‘स’ सहज गळतो. काही भागांत घोणशीला परड म्हणतात, तिथे घोटाळा कमी होतो. इतरत्र मात्र फोन घेणाऱ्याने ‘साप की गोम?’ असे सरळ विचारलेच पाहिजे.

दुसरा घोटाळा मोबाइलचा आहे. काळेभोर अंग, लालभडक डोके, पिवळे पाय अशा भल्यामोठ्या गोमेची चित्रफीत फिरत येते. खाली कुठल्यातरी गावाचे नाव असते आणि ‘चावल्यास पाच मिनिटांत मृत्यू’ असा मजकूर. असा रंग असणारी गोम स्कोलोपेंड्रा हीरोस या जातीची. ती अमेरिकेच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागात आणि उत्तर मेक्सिकोत राहते. तिकडच्या वाळवंटात तिचे दुसरे रूपही आढळते: अंग नारिंगी-तांबडे, डोके आणि शेवट काळा. लांबी साधारण १५ ते २० सेंटीमीटर भरते. ती बीड-धाराशिवच्या माळावर येत नाही, आणि तिच्या चाव्यानेही पाच मिनिटांत माणूस मरत नाही. आपल्याकडे सर्रास आढळणारी मोठी गोम म्हणजे स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिला हे नाव दिले. लांबी १० ते १३ सेंटीमीटर, रंग पिवळसर तपकिरी किंवा हिरवट, पाठीवरच्या कवचाच्या प्रत्येक पाटीच्या मागच्या कडेला गडद पट्टा, डोके बहुधा तांबूस. रंगात इतका फरक पडतो की एकाच शेतातल्या दोन गोमी वेगळ्या जातीच्या वाटाव्यात. दक्षिण भारतात काळ्या-नारिंगी पट्ट्यांची, वाघासारखी दिसणारी स्कोलोपेंड्रा हार्डविकी आहे, ती आकाराने याहून मोठी होते.

वाळवंटातल्या गोमेचा विषय आपल्याला अगदीच परका मात्र नाही. गोमेच्या अंगावर कीटकांसारखा पाणी रोखून धरणारा मेणाचा पक्का थर नसतो. श्वासासाठी अंगाच्या दोन्ही कडांना नऊ जोड्या छिद्रे असतात आणि ती कीटकांसारखी घट्ट मिटता येत नाहीत. उघड्या उन्हात ती थोड्याच वेळात वाळून मरते. असा प्राणी वाळवंटात टिकतो तो केवळ लपण्याच्या जोरावर. दिवसा दगडाखाली किंवा उंदरांच्या बिळात पडून राहायचे, रात्री निघायचे, आणि खरी वर्दळ पावसानंतर करायची. आपल्या गोमेचे वेळापत्रक नेमके हेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की काळ्या रानाला भेगा पडतात, कुठे हातभर तर कुठे कंबरभर खोल. वर धग आणि आत ओल, म्हणून या भेगा गोमेला बंगल्यासारख्या. मग पाऊस येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, बिळांत पाणी भरते आणि आतले सगळे बाहेर पडते. गोम, विंचू, साप, सगळे एकाच आठवड्यात घराकडे सरकतात. जूनमध्ये चाव्यांची गर्दी होते ती या मातीमुळे.

उन्हाळ्यात घरात सापडणारी गोम भुकेने आलेली नसते, ओलीसाठी आलेली असते. म्हणून ती रांजणाखाली, न्हाणीच्या मोरीत, कूलरच्या पाण्याखाली, ओल्या गोणपाटाखाली सापडते. गोम दिसलेल्या घरात पहिला शोध पाण्याच्या गळतीचा घ्यावा.

आता तिचे अंग जवळून पाहू. स्कोलोपेंड्रा या गटातल्या गोमेला पायांच्या २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय. गोमेला ‘शतपाद’ म्हणतात खरे, पण पूर्ण वाढलेल्या गोमांमध्ये जोड्यांची संख्या नेहमी विषम असते, जातीनुसार १५ ते १९१. त्यामुळे नेमके १०० पाय भरतच नाहीत. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही ही म्हण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. संकटात ती पाय तोडून टाकते, आणि पुढे कात टाकताना तो पुन्हा फुटतो. चालायला मात्र २० जोड्याच. एकविसावी जोडी जाड, काटेरी, मागे पसरलेली असते आणि ती पकडण्यासाठी असते. याच जोडीला लोक नांगी समजतात आणि ‘गोम शेपटीने डंख मारते’ म्हणतात. तिथे विष नसते, पण गैरसमज महागात पडतो. शेपटीकडून चिमटीत धरलेली गोम त्या जाड पायांनी बोटाला घट्ट आवळते आणि उलटी वळून पुढून चावते.

विष आहे ते डोक्याखाली. धडाच्या पहिल्या वलयाचे दोन पाय बदलून बाकदार, टोकाला काळपट असे दोन आकडे झालेले असतात. विषाची ग्रंथी आकड्याच्या आतच असते आणि तिचे तोंड टोकाच्या किंचित अलीकडे उघडते. गोम तोंडाने चावत नाही, या आकड्यांनी चिमटा घेते. म्हणून कातडीवर शेजारी शेजारी दोन टिंबे उमटतात. हे दोन टिंबांचे चिन्ह नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घात तिथेच होतो. बाकीच्या पायांच्या नख्यांनी बारीक ओरखडे पडतात, कातडी चुरचुरते. ‘प्रत्येक पायात विष असते’ हे मात्र खरे नाही.

शिकार झुरळे, रातकिडे, कोळी, लहान विंचू, पाल, कधी उंदराचे पिल्लू. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत स्कोलोपेंड्रा जायगँटिया ही राक्षसी गोम छताला लोंबकळून वटवाघळे पकडते, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या घरातली गोम करते ते काम साधे आहे, झुरळे कमी करणे. मादी अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून आठवडेच्या आठवडे उपाशी बसते. बुरशी धरू नये म्हणून अंडी चाटत राहते, आणि पिल्ले दोनेकदा कात टाकेपर्यंत त्यांना सोडत नाही. या काळात दगड उलटला तर ती बहुधा पळून जाते किंवा स्वतःची अंडी खाऊन टाकते. पिल्लांना जन्मतःच पूर्ण २१ जोड्या असतात.

इथे वाणीचा उल्लेख करायलाच हवा. सोयाबीन-कपाशीची उगवण कुरतडणारी, हात लावताच पैशासारखी गोल गुंडाळी करणारी, म्हणून काही ठिकाणी ‘पैसा’च म्हणतात ती. तिला गोम समजून लेकरे घाबरतात. उलटेही होते, आणि ते जास्त वाईट: वाणी समजून कुणी गोमेला हात घालतो. वाणी गोल, नळीसारखी, संथ असते. तिच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि विषाचे आकडे नसतात. फक्त तिच्या अंगातून निघणारा रस कातडीला डाग पाडतो आणि डोळ्यात गेला तर फार झोंबतो. गोम चपटी, चपळ, वलयाला एकच जोडी, आणि अंडी-पिल्ले राखणारी मादी सोडली तर ती गोल गुंडाळी करून पडून राहत नाही.

विषाबद्दल गेल्या काही वर्षांत बरेच कळले आहे. २०१५ साली चिनी संशोधकांनी त्यांच्याकडच्या एका लालडोक्या गोमेच्या विषातला एक रेणू दाखवला. तो आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या वेदना टिपणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतो, त्याच ग्राहकाला मिरचीतला तिखटपणाही चेतवतो. ‘ठेचा चोळल्यासारखी आग’ असे रुग्ण सांगतात, त्यामागे असे कारण आहे. २०१८ साली त्याच गोमेच्या विषातला दुसरा घटक वेगळा केला गेला. तो हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू आणि श्वसन चालवणाऱ्या पेशींमधले पोटॅशियमचे मार्ग बंद करतो. तीन ग्रॅमची गोम ४५ ग्रॅमच्या उंदराला अर्ध्या मिनिटात लोळवते ती त्यामुळे. माणसाचे वजन उंदराच्या हजारपटीहून जास्त, म्हणून मोठ्या माणसाला हेच विष बहुतेक वेळा जागच्या जागी छळते. लहान मुलाला मात्र तेवढी मुभा नसते. फिलिपाइन्समध्ये सात वर्षांच्या एका मुलीला डोक्याला गोम चावली आणि २९ तासांनी ती दगावली, ही नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. अशा नोंदी जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पण म्हणूनच मूल आणि डोके-मान-चेहरा या दोन गोष्टी आल्या की घरी थांबायचे नाही.

चावल्यावर काय होते? त्याच क्षणी आग. दहा-पंधरा मिनिटांत लाली आणि सूज, ती बोटावरून पंज्यापर्यंत किंवा मनगटाच्या वर चढते. काखेत किंवा जांघेत गाठ दुखू लागते. मळमळ, डोकेदुखी, छातीत धडधड, घाम हेही काहींना होते. ठणका पहिल्या काही तासांत सर्वात जास्त असतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. सूज उतरायला कधी त्याहून जास्त दिवस लागतात. क्वचित चावलेली जागा काळी पडून कातडी मरते. क्वचितच हृदयाच्या आलेखात बदल दिसल्याच्या नोंदी आहेत, म्हणून छाती भरून येणे किंवा दुखणे हलक्यावारी नेऊ नये.

गोम डोळ्यांनी पाहिली आहे, चावा हाताला-पायाला आहे, माणूस मोठा आणि धडधाकट आहे, एवढे सगळे जुळले तर घरी उपचार सुरू करता येतो. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटाचा दोरा आधी काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात, आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा अडलेला असतो. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पाच मिनिटे धुवा. मग गरम पाणी: ४३ ते ४५ अंश, हात किंवा पाय २० मिनिटे बुडवून. थर्मामीटर नसेल तर चांगल्या हाताचा कोपर घालून पाहा, सोसवेल इतकेच गरम हवे. चावलेल्या हाताने अंदाज कधीच घेऊ नये. ठणक्यात त्या हाताला पाण्याची धग कळत नाही, आणि गोमेच्या चाव्यापेक्षा भाजल्याची जखम मोठी होऊन बसते. पाणी निवले तर हात बाहेर काढून मगच नवे गरम पाणी ओता. लहान मूल आणि मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस, या दोघांना गरम पाणी नकोच; मुलाला बर्फ. बर्फ फडक्यात गुंडाळून १० मिनिटे ठेवायचा, १० मिनिटे काढायचा. गरम पाणी बरे की बर्फ, यावर गावोगाव वाद चालतात. तैवानमधल्या डॉक्टरांनी बर्फ, गरम पाणी आणि वेदनाशामक इंजेक्शन यांची रुग्णांवर तुलना करून २००९ साली निष्कर्ष छापले: तिन्हींनी ठणका उतरला आणि तिघांत मोठा फरक दिसला नाही. जे हाताशी आहे ते वापरा.

गोळी पॅरासिटामॉलची. मोठ्या माणसाला ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर. मुलाला वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा. कारण तो चावा सापाचा निघाला आणि विष रक्त पातळ करणारे असले, तर या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीचे किती जुने आहे हे डॉक्टरांना सांगून घ्या, गोमेच्या नख्या उकिरड्यातून आलेल्या असतात. ठणका असह्य असेल तर दवाखान्यात लिग्नोकेन देऊन बोट बधिर करता येते, त्याने रुग्णाला लगेच सुटका मिळते. ही सोय बहुतेक केंद्रांत असते, फक्त ती मागितली जात नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वासात घरघर, चक्कर ही अ‍ॅलर्जीची तीव्र लक्षणे आहेत. त्यावर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते आणि मिनिटे मोजावी लागतात. तिसऱ्या दिवशी सूज उतरण्याऐवजी वाढली, पू झाला, जागा काळी पडली, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

करू नये ते थोडक्यात: दोरी आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका. रॉकेल, चुना, तंबाखू, बॅटरीतले पाणी लावल्याने जखम चिघळते आणि डॉक्टरांना मूळ खूण दिसेनाशी होते.

आता या पत्राची खरी गोम. रात्री अंधारात काहीतरी चावले, दिवा लावेपर्यंत जनावर गायब, बोटावर दोन टिंबे. घरातले जाणते म्हणतात, ‘घोण असेल, झोप.’ इथे माणूस दगावतो. दोन टिंबांवरून गोम आणि साप यांत फरक करता येत नाही. अंतर मोजून, खोली पाहून, कशानेही नाही. आणि ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा तर सर्वात घातक समज. मण्यार चावली तर बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. गोमेच्या चाव्यात असह्य आग असते. म्हणून दुखत नसेल तर ती घोण नव्हे, असेच धरून चाला. उलट फुरसे आणि घोणस यांच्या चाव्यात ठणकाही असतो आणि सूजही, अगदी गोमेसारखी. तेव्हा नियम एकच: जनावर दिसले नाही तर तो सर्पदंश समजायचा. हात किंवा पाय हलू न देता फळीला किंवा काठीला सैल बांधायचा, १०८ ला फोन करायचा, आणि डॉक्टर म्हणतील तोवर, निदान २४ तास, दवाखान्यात राहायचे.

दवाखान्यात रक्त गोठण्याची एक साधी चाचणी करतात. शिरेतले २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे मुळीच हलवायचे नाही आणि मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसवते. पहिली चाचणी ठीक आली म्हणून घरी पाठवणे बरोबर नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. मण्यारीत ही चाचणी ठीकच येते, तिथे पापण्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

चूक उलट दिशेनेही होते, तीही सांगायला हवी. गोम डोळ्यांदेखत चावलेली असताना नातेवाईक सापाच्या लसीसाठी हुज्जत घालतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे. गोमेच्या विषावर ते चालत नाही. ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असते आणि त्याचीच तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते. गोमेसाठी वेगळी लस आपल्याकडे नाही. तसेच विंचवाचे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय रूढ केला आणि असंख्य जीव वाचवले. पण ती गोळी विंचवाच्या विषाने शरीरात उठणाऱ्या वादळासाठी आहे. गोमेच्या चाव्याला ती आपल्या मनाने देऊ नये, रक्तदाब एकदम खाली येतो.

कानाची भीती. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि सात-आठ मिलिमीटर रुंद असते. पूर्ण वाढलेली घोण तिच्यात शिरून मेंदूपर्यंत जाणे शक्य नाही, पडद्याच्या पलीकडे वाट नाही. लहान गोम किंवा दुसरा किडा मात्र जाऊ शकतो. काडी, पिन, चिमटा घालू नका. आत गेलेली गोम डिवचली की कानाच्या नाजूक कातडीला चावते. कान वाहत असेल किंवा पडदा फाटल्याचे आधीपासून माहीत असेल तर काहीही न ओतता थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा. तसे नसेल आणि दवाखाना लांब असेल तर डोके तिरपे करून कोमट खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब सोडता येतात. किडा मेल्यावर तो डॉक्टरांनीच काढावा.

अंगावर गोम चढली तर झटकन दाबू नका. ती दबली की चावते, नाहीतर पुढे निघून जाते. टॉवेलने तिच्या जाण्याच्या दिशेने एकदाच जोरात झटका. कपड्यांत शिरली असेल तर कपडा धरून चाचपू नका, काढून टाका. घरात दिसली तर काचेची रुंद तोंडाची बरणी किंवा १५ सेंटीमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा डबा तिच्यावर पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बांधावर नेऊन सोडा. गुळगुळीत काचेवर आणि प्लॅस्टिकवर तिला चढता येत नाही, खरखरीत भिंतीवर सहज चढते.

घराची डागडुजी मृगाच्या आधी, मे महिन्यात करावी. दगड-मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी पडलेली भोके एकाला चार प्रमाणात सिमेंट-वाळू कालवून बुजवा. मोरीच्या तोंडावर दोन मिलिमीटरची जाळी बसवा आणि ती दर आठवड्याला काढून धुवा, नाहीतर पाणी तुंबते, लोक वैतागून जाळी फेकतात आणि पुन्हा वाट उघडी. दाराखालची फट रबराच्या पट्टीने झाका. सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या भिंतीला टेकून रचू नका. घरापासून दहा-बारा फूट दूर, विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. माळवदाच्या घरात लाकडांच्या सांध्यांतून गोम खाली पडते, तिथे मच्छरदाणी हाच उपाय. तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात, लोंबत्या नकोत. खोचलेली मच्छरदाणी गोम, विंचू आणि मण्यार या तिघांनाही अडवते. आमच्या मते थोड्या पैशांत होणारा याहून चांगला बंदोबस्त नाही. बाज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका.

शेतातले दाणेदार कीटकनाशक घराभोवती पसरणे मात्र ताबडतोब थांबायला हवे. गोम फटीत खोल असते, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. पोचते ते अंगणातल्या कोंबड्यांपर्यंत आणि रांगणाऱ्या लेकरापर्यंत. फटीत फवारले तर चवताळलेली गोम आणि झुरळे रात्री घरातच बाहेर पडतात. कोंबडी गोम आवडीने खाते, ती मेली तर आपलाच राखणदार मेला.

रानात दगड उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे दगड तुमच्या आणि जनावराच्या मधे ढालीसारखा उभा राहतो आणि आतले जे काही असेल ते समोर पळते. कडब्याची पेंढी, पाचट, ठिबकची गुंडाळलेली नळी हाताने न ओढता आधी काठीने हलवा. बूट-चपला झटकून घाला, नुसते आपटून भागत नाही. आत चिकटलेली गोम आपटल्याने हलत नाही, टाचेकडून वाकवून उलटा केला की पडते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड-धाराशिव-परभणीच्या कुटुंबांबद्दल आम्हाला आग्रहाने लिहायचे आहे. ही माणसे सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत, जमिनीवर, पोराबाळांसह झोपतात. पाचट म्हणजे ओल, उंदीर, झुरळे, आणि त्यांच्या मागे येणारे सगळे. पहाटे अंधारात उसाच्या सरीत हात घालावा लागतो. कारखान्यांनी आणि मुकादमांनी प्रत्येक कोपीमागे खोचता येईल अशी एक मोठी मच्छरदाणी, एक चार्जिंगची बॅटरी आणि जमिनीपासून उंच झोपण्यासाठी फळ्यांची सोय केली पाहिजे. ही मागणी उचलीच्या करारातच लिहिली जावी. तळापासून जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो आणि तिथे प्रतिविष आहे का, हे हंगाम सुरू होतानाच मजुरांना कळायला हवे. परमुलखात रात्री दोन वाजता ते शोधता येत नाही.

आपल्या दैनिकालाही विनंती आहे. ‘विषारी गोमेच्या दंशाने मृत्यू’ अशी बातमी आली तर छापण्यापूर्वी जनावर कुणी पाहिले होते का, हे वार्ताहराने विचारावे. पाहिले नसेल तर तसे स्पष्ट छापावे. त्या जागी मण्यार असण्याची शक्यता मोठी असते, आणि चुकीच्या मथळ्यामुळे पुढच्या गावात कुणीतरी ‘घोणच असेल’ म्हणून झोपून राहते. सोबत इंटरनेटवरचा परदेशी गोमेचा फोटो लावू नये.

आरोग्य केंद्रांच्या आणि कोपींच्या तळावरच्या भिंतींवर, फोन करताना काय सांगायचे ते तीन ओळींत रंगवून घ्यावे: ‘साप दिसला’, ‘गोम दिसली’, ‘काहीच दिसले नाही’. यांपैकी एक वाक्य आधी बोलायचे, मग गाव, मग रुग्णाचे वय आणि चावल्याची वेळ. जमल्यास जनावराचा फोटो दोन मीटर लांबून काढावा, त्याच्या मागे धावू नये. मेलेली गोम दाखवायला आणायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात आणावी, मुठीत किंवा रुमालात नको. धडापासून तुटलेल्या डोक्याचे आकडे बराच वेळ मिटत राहतात.

आपले,
प्राणिशास्त्र आणि वैद्यक शिकवणारे काही अध्यापक,
लातूर